कागदावर नसलेली चारोळी

शिमगा होऊन गेला की जव्हारहून मोखाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक वास धरतो. अंगणात वाळत घातलेल्या मोहाच्या फुलांचा तो वास, थोडा गोड, थोडा आंबूस. त्यात झाडाखाली पडून फुटलेल्या काजूच्या बोंडांचा वास मिसळतो. या दिवसांत माझी स्कूटर आपोआप हळू होते. मला कुठे पोहोचायचं आहे हे आठवत असतं, पण ते जरा मागे सरकतं. वळणावर दोघीतिघी बायका पळसाच्या पानांचे द्रोण मांडून बसलेल्या असतात आणि त्या द्रोणांत चारोळीची काळी, बोराहून लहान फळं असतात. मी एक द्रोण घेते. फळ जिभेवर दाबलं की गोड-आंबट गर सुटतो आणि मग तोंडात नुसती टणक बी उरते. ती थुंकायला माझं मन होत नाही. पुढच्या वळणापर्यंत ती मी गालात धरून ठेवते.

माझं वर्ष या दिवसांत सुरू होतं. जानेवारी कॅलेंडरचा, जून शाळेचा, आणि चारोळी काळी पडते तो महिना माझा. असे कितीतरी चैत्र-वैशाख येऊन गेले, पण आठ-नऊ वर्षांपूर्वीचा एक काही केल्या मनातून जात नाही. त्या वर्षी माझ्यामुळे अडीच वर्षांच्या एका मुलीचं वजन घटलं. हे असं सरळ लिहायला मला इतकी वर्षं लागली.

मी मूळची साखरशेतची. वडील प्राथमिक शाळेत शिक्षक, घरी भाताचं आणि नागलीचं, म्हणजे नाचणीचं, शेत. आहारशास्त्र शिकायला नाशिकला गेले आणि परत आले ती मोखाड्यात आहार सल्लागाराची कंत्राटी नोकरी घेऊन. सूर्यमाळच्या अंगाचे वर डोंगरात विखुरलेले पाडे माझ्याकडे होते. पाड्यापाड्यावर जायचं, आयांना मुलांच्या खाण्याबद्दल सांगायचं, अंगणवाडीत मुलांची वजनं होतात तेव्हा हजर राहून रजिस्टरात नोंदी करायच्या, एवढं काम. वय चोवीस. नोकरी नवी, स्कूटर नवी, आणि डोक्यातलं सगळं शिकलेलं अजून न वापरलेलं. शहाणपण पाजळायला याहून चांगलं वय नसतं.

शहाणपणाबरोबर एक तक्ता होता. नाशिकच्या दुकानातून मी तो पदरच्या पैशाने आणला होता. गुळगुळीत कागदावर काचेच्या वाटीतले बदाम, अर्धे फोडलेले अक्रोड, हिरवे पिस्ते, मागे दुधाचा उंच पेला. तो मी अंगणवाडीच्या भिंतीला टेकवला आणि समोर बसलेल्या पंधरा-वीस बायकांना सांगायला लागले. लहान मुलाचं पोट केवढं, त्याच्या मुठीएवढं. त्यात वाटीभर पातळ पेज गेली की जागा संपली, आणि बळ तर थोडंच मिळालं. म्हणून थोडक्यात पुष्कळ बळ देणारं खाणं हवं. सुकामेव्यात ते असतं. त्यातलं तेल चांगलं, वाढत्या मेंदूला लागतं, त्यातल्या प्रथिनांनी अंग भरतं, रक्ताला लागणारं लोह, हाडांना लागणारं काहीबाही, सगळं त्या एवढ्याशा दाण्यात. हे सगळं खरं होतं आणि आजही खरं आहे. मग मी सांगितलं की रात्री पाच बदाम भिजत घाला, सकाळी सालं काढा, दुधात वाटा, उपाशीपोटी द्या आणि त्यावर लगेच दुसरं काही देऊ नका.

हे पाच कुठून आले? कुठल्याच पुस्तकातून नाही. माझ्या दहावीच्या वर्षी वडिलांनी नाशिकहून बदाम आणले होते आणि आई स्टीलच्या छोट्या वाटीत ते भिजत घालायची. पाच, कारण देवापुढे ठेवताना ती सगळंच पाच ठेवायची. सकाळी अंधुक उजेडात ती सालं काढून माझ्या तळहातावर देई आणि म्हणे, आता तासभर काही खाऊ नकोस, अंगाला लागू दे. मी अभ्यासाला बसे. चांगले गुण पडले तेव्हा घरात सगळ्यांनी बदामांचं नाव काढलं. तासाभरानंतर मी नागलीची भाकर आणि शेंगदाण्याची चटणी दाबून खात असे, तिचं नाव कोणी काढलं नाही. मीही नाही. नऊ वर्षांनी तीच वाटी, तोच आकडा आणि तोच तास मी शास्त्र म्हणून वाटत सुटले होते.

त्या दिवशी भिंतीशी, अगदी मागे, विमल बसली होती. बारीक अंगाची, माझ्याच वयाची असेल. दिवाळीनंतर नवऱ्याबरोबर वीटभट्टीवर गेलेली, शिमग्याला परत आलेली. मांडीवर रोशनी, अडीच वर्षांची, केस भुरकट, डोळे मोठे. थोड्या वेळापूर्वीच रोशनीला काट्याच्या झोळीत बसवलं होतं आणि ती रडली नव्हती. न रडणारं मूल पाहिलं की अंगणवाडीच्या शेवंताताईंच्या कपाळावर आठी पडते. त्या कामात मुरलेल्या बाई, वीस वर्षं तीच खोली आणि तोच काटा. त्यांनी विमलला हळूच सांगितलं की पुढच्या वजनाला हिचा आकडा खाली गेला तर तिला घेऊन जव्हारच्या दवाखान्यात राहावं लागेल, चांगले दोन आठवडे. विमलने मान हलवली. हे दिवस मोहफुलं वेचायचे, चारोळी पाडायचे, लांबच्या झऱ्यावरून पाणी भरायचे. घरात म्हातारी सासू. तिच्या गप्प बसण्यात हे सगळं होतं, पण ते मला नंतर कळलं.

बोलणं संपल्यावर सगळ्या पांगल्या. विमल तक्त्यापुढे उभी राहिली आणि तिने एकच विचारलं, रोज पाच का? मी म्हटलं, रोज पाच. किती सहज म्हटलं मी ते.

त्या चैत्रातल्या सकाळी आता आठवतात तेव्हा सगळं जरा धूसर आणि सोनेरी दिसतं. पहाटे मोहाखाली फुलं टपटपतात. बायका झाडाखालची जागा आधीच झाडून ठेवतात, आणि उजाडता उजाडता टोपल्या घेऊन वाकतात. कोणी मोठ्याने बोलत नाही. लांबून नुसता पानांचा आवाज येतो, मध्येच एखाद्या लेकराची हाक. दहा वाजेपर्यंत ऊन चढतं आणि मग डोंगर पांढुरका होतो, विहिरीच्या तळाशी उरलेलं पाणीही पांढुरकं. मी कुठल्यातरी पडवीत बसून हातावर पडलेली बोंडं मिठाला लावून खात असे. बोंडाचा रस घशाला धरतो, तरी दुसरं घ्यावंसं वाटतं. नोकरी म्हणजे इतकं सुखाचं काही असतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

काजूशी माझी जुनी ओळख. साखरशेतला आमच्या बांधावर चार झाडं होती. शाळेच्या सुट्टीत आम्ही बिया गोळा करायचो आणि अंगणापासून लांब, भोकं पाडलेल्या पत्र्याच्या डब्यात त्या भाजायचो. कवचातला डीक पेटतो, फटफटतो, काळा धूर होतो. मग माती टाकून आग दाबायची आणि दगडाने एकेक बी फोडायची. हाताला राख चोळलेली असली तर बरं, नाहीतर कातडी सोलून निघते. माझ्या धाकट्या बहिणीने एकदा न भाजलेली बी दाताने फोडली होती. तिचे ओठ असे सुजले की चार दिवस तिला घरात सगळे भोपळा म्हणत. पण भाजलेल्या काजूची ती पहिली गरम पाकळी, अजून धुराचा वास असलेली! दुकानातला पांढराशुभ्र काजू खाताना मला नेहमी काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं.

आणि शेंगा. दसऱ्याच्या सुमाराला भुईमूग उपटला की ओल्या शेंगा मिठाच्या पाण्यात शिजवायच्या, चुलीच्या राखेत भाजायच्या, उरलेल्या वाळवून कणगीत टाकायच्या. वडिलांच्या वर्गात आमच्या बाकाखाली टरफलं सापडायची आणि मास्तरांच्या मुलीलाच पहिली छडी बसायची. शेंगदाण्याचं कूट भाजीत, कूट आमटीत, कूट आणि गूळ भाकरीवर. खुरासणी, म्हणजे कारळे, भाजून, लसूण आणि मिरची घालून आई काळी कुळकुळीत चटणी वाटायची, बोटाला लागली तर चाटल्याशिवाय राहवायचं नाही. जव्हारला शिकायला गेले तर शाळेमागे देशी बदामाचं झाड होतं. त्याची लाल फळं चोखून मधलं कठीण कवच दगडावर ठेचायचं, आणि आत मिळायचा काडीएवढा गर. आख्खी मधली सुट्टी त्यात जायची. एवढं सगळं खाऊन मोठी झालेली मी, आणि तक्ता आणायला नाशिकच्या दुकानात गेले. माझ्या डोक्यात हे सगळं खाऊ होतं, आहार नव्हता.

चैत्र संपता संपता पुन्हा वजनं झाली. रोशनीला झोळीत ठेवलं, काटा डुलला आणि थांबला. शेवंताताईंनी वाकून पाहिलं, पुन्हा पाहिलं. पाव किलो कमी. एवढ्याशा जिवाचं पाव किलो म्हणजे काय असतं हे ज्याने तिला उचललंय त्यालाच कळेल. विमलचं तोंड उतरलं. ती मुलीचा झगा नीट करत राहिली. शेवंताताई म्हणाल्या की पंधरा दिवस थांबते, त्यापुढे मला थांबता यायचं नाही, जव्हारला न्यावंच लागेल. मला आतून राग आला होता. इतकं समजावून सांगितलं, चित्रं दाखवली, तरी बायका ऐकत नाहीत, असं माझ्या मनात आलं. त्याच तिरमिरीत मी विमलच्या मागोमाग तिच्या घरी गेले.

कुडाचं घर, शेणाने सारवलेली पडवी. सासू चांगुणाबाई जात्यापाशी बसली होती. मी आत टेकले आणि विचारलं की पोरीला काय काय देतेस. विमल उठली, फळीवरून एक प्लास्टिकची बरणी काढली आणि माझ्यापुढे ठेवली. बरणीत बदाम होते. निम्मी बरणी. ती सांगत होती आणि मी बरणीकडे बघत होते. रोज पाच. एक दिवस चुकवला नाही. रात्री भिजत घालते, सकाळी सालं काढते. दूध नाही म्हणून पाण्यात वाटते. आणि मी सांगितल्याप्रमाणे त्यावर काही देत नाही, पार ऊन डोक्यावर येईपर्यंत, म्हणजे बदामाचं बळ वाया जायला नको.

हे बदाम आणले कुठून, मी विचारलं. तिने साधेपणाने सांगितलं की चारोळी देऊन. त्या वर्षी चारोळी लवकर पिकली होती. पहिली वेचणी तिने उन्हातान्हात केली, धुतली, वाळवली, जात्यावर फोडली आणि पाखडून निघालेले दाणे बाजारात दुकानदाराला दिले. त्याच्या बदल्यात हे. कणगीतल्या शेंगाही गेल्या त्यात. या डोंगरातल्या बायका चारोळी देऊन मीठ, कांदे, कापड आणत आल्या आहेत, तशीच तिने देवघेव केली. तिला सौदा बरा वाटला होता. दुकानात चारोळीची बरणी आणि बदामाची बरणी शेजारी शेजारी असतात आणि चारोळीच महाग असते हे तिने पाहिलं नव्हतं, पाहिलं असतं तरी तिच्या लेखी माझा तक्ता मोठा होता.

मी विचारलं, त्याआधी सकाळी काय देत होतीस? उत्तर चांगुणाबाईने दिलं. नागलीच्या दाट पेजेत शेंगदाणे आणि चारोळी कुटून, गुळाचा खडा टाकून ती नातीला रोज सकाळी भरवत असे. वाटीभर. मॅडम आल्यापासून बंद केलं.

"का बंद केलं?" माझा आवाज मलाच लहान वाटला.

विमल म्हणाली, "तुमच्या कागदावर आमचं काय नव्हतं ना, मॅडम. शेंगा नव्हत्या, चारोळी नव्हती. मला वाटलं आमचं खाऊन पोर वाढत नाय, म्हणून तर अशी रोड."

कोंबडी आत येऊन जात्याभोवतीचे कण टिपत होती. मला खूप लाज वाटली. चांगुणाबाईने माझ्याकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, "तू साखरशेतची ना, बाय? मंग तुझे आयनी तुला काय चारलं?"

मी सांगितलं. शेंगा, खुरासणी, काजू, चारोळी. एकेक नाव घेताना ती मान डोलवत होती, मुलाने पाढा बरोबर म्हटला की मास्तर डोलवतात तशी.

पुढचे पंधरा दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुंदर दिवस होते, हे म्हणायलाही संकोच वाटतो, कारण एक लेकरू त्यात पणाला लागलं होतं. खालच्या रानातली चारोळी संपत आली होती. पण वरच्या उतारावर, जिथे सावली जास्त आणि ऊन उशिरा येतं, तिथे झाडं अजून लगडलेली आहेत असं चांगुणाबाई म्हणाली. रविवारी मी त्यांच्याबरोबर गेले. वाट कोरड्या पानांची, पाय घसरायचा. म्हातारी पुढे, विमलच्या पाठीला झोळीत रोशनी, मागे मी धापा टाकत. चांगुणाबाई मध्येच थांबून मला हसून घेई. नाशिकला काय चालायला शिकवत नाहीत काय, असं तिने दोनदा विचारलं.

झाडाखाली आम्ही फळं झोडली नाहीत, फांद्या मोडल्या नाहीत. पुढच्या सालाला पण लेकरं असणार, असं म्हणून तिने मला हाताने खुडायला लावलं. रोशनीला एक फळ दिलं. तिने ते चोखलं, बी हातात घेऊन बघितली आणि पुन्हा हात पुढे केला. बोटं जांभळी, ओठ जांभळे. वारा आला की सागाच्या वाळक्या पानांचा आवाज व्हायचा आणि मग पुन्हा सगळं शांत. त्या शांततेत मला वाटत होतं की आपण काही शिकवायला आलोच नव्हतो, आपल्याला कोणीतरी परत शाळेत घातलंय.

घरी येऊन फळं भिजवली, टोपलीत घासून गर काढला, बिया उन्हात टाकल्या. वाळल्यावर जात्याची वरची तळी जरा उचलून धरायची, म्हणजे कवच फुटतं आणि दाणा भरडत नाही. तळी किती उचलायची हे म्हातारीच्या मनगटाला ठाऊक. माझ्या हातून पहिला घास पार पीठ झाला. मग सुपात पाखडलं आणि कवचं उडून खाली तांबूस, मसुरीएवढे दाणे राहिले. एक तोंडात टाकला. बदाम आणि पिस्ता यांच्या मधली ती चव, आणि दोघांनाही न जमलेली.

शेंगदाणे शेजारणीने दिले. त्यातले काही ओल लागून काळपट, बुरशीचे निघाले. ते मी निवडून बाजूला काढले तेव्हा चांगुणाबाई चिडली. खाण्याची वस्तू अशी टाकायची नसते, वरचं साल काढलं की झालं, असं तिचं म्हणणं. इथे मात्र मी हटले नाही. सांगितलं की बुरशी आतपर्यंत जाते, ती काळजाला विष आहे, भाजूनही जात नाही, कडू लागला दाणा की थुंकायचाच. ती बराच वेळ घुश्शात होती. मग स्वतःच उठून तिने ते लांब नेऊन पुरले, कोंबड्यांनाही टाकले नाहीत. माझ्या शिक्षणातलं एवढं एक त्या घरात उपयोगी पडलं, आणि त्याचा मला आजही आनंद आहे.

मग रोज सकाळी तव्यावर शेंगदाणे मंद आचेवर भाजायचे, सालं फुंकायची, मूठभर दाण्यांना अर्धी मूठ चारोळी, उखळात बारीक कुटायचं. बारीकच, कारण आख्खा दाणा एवढ्या लहान पोराच्या घशात अडकतो. हे कूट नागलीच्या दाट पेजेत, गूळ घालून. दुपारी भाकरीच्या कुस्करात तेच. संध्याकाळी गुळात वळलेला सुपारीएवढा लाडू, हातात धरून चोखायला. विमललाही रोज खुरासणीची चटणी खायला लावली, कारण ती स्वतः पोटाला चिमटा काढून राहते हे मला उशिरा का होईना दिसलं. उरलेले बदामही कुटून पेजेत टाकले. त्यांचा काय दोष होता? बदाम चांगलेच असतात, फक्त ते लांबून येतात आणि आल्यावर घरातल्यांना उठवून स्वतः बसतात.

पंधरा दिवसांनी काटा डुलला, थांबला, आणि शेवंताताई नुसत्या हसल्या. गेलेलं भरून वर थोडं आलं होतं. फार नव्हे. पण झोळीतून काढताना रोशनीने मोठ्याने भोकाड पसरलं आणि आम्ही तिघी त्या रडण्याने हरखून गेलो. माझा जीव भांड्यात पडला. जव्हारला जावं लागलं नाही. निघताना मी विमलच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, आता असंच बरोबर करत राहा हं. जणू चुकलं होतं ते तिचं. हे वाक्य मी तेव्हा बोलून गेले, आणि घाट उतरेपर्यंत विसरलेही. चूक माझी होती, हे मात्र मी तिला सांगितलं नाही. पुढच्या वर्षी सांगू म्हटलं, मग त्याच्या पुढच्या. दर चैत्रात ते ओठांपर्यंत येई आणि मी दुसरंच काही बोलत असे.

आता माझ्याकडे तक्ता नसतो. पाड्यावर गेले की मी आधी सूप मागते आणि बायकांना सांगते की घरात जे आहे ते मूठमूठ आणा. सूप भरतं. शेंगा, खुरासणी, तीळ, चारोळी, कधी दोनचार काजू. मग आम्ही त्यावर बोलतो. मी माझं सांगते, त्या त्यांचं सांगतात, आणि कोणीतरी म्हातारी मला हसतेच. दिवस बरे जातात. पण त्या पाड्यावरून परतताना काहीतरी द्यायचं राहिलंय असं वाटायचं ते वाटायचंच.

परवा तिथे गेले होते. आता सगळं मोबाईलमध्ये भरतात, म्हणून अंगणवाडीतली जुनी रजिस्टरं गठ्ठे बांधून वर पाठवायची होती. शेवंताताई निवृत्तीला आल्यात, त्या दोऱ्या बांधत होत्या. विमल मदतीला आली होती आणि तिच्याबरोबर रोशनी, पाचवीतली, उंच, दोन घट्ट वेण्या घातलेली. पाड्यातली मुलं जुन्या रजिस्टरात स्वतःची नावं शोधून एकमेकांच्या वजनांना हसत होती. रोशनीनेही तिचं पान काढलं. बोट ठेवून ती वाचायला लागली. नाव, वय, वजन, मागचं वजन, घट. मग पुढचा रकाना. कारण. तिथलं अक्षर माझं होतं, चोवीस वर्षांच्या वयातलं, वळणदार. ते मी कधी लिहिलं हेही मला आठवत नव्हतं.

"आईचे अज्ञान," रोशनीने वाचलं. मग आईकडे वळून विचारलं, "अज्ञान म्हणजे काय गं?"

विमलला अक्षर वाचता येत नाही, शब्द कळतो. ती रजिस्टराकडे वळलीच नाही, माझ्याकडेही नाही. हातातली दोरी ओढत शांतपणे म्हणाली, "म्हणजे मला म्हाईत नव्हतं."

तिने ते मान्य करून टाकलं होतं, कदाचित इतकी सगळी वर्षं. मी उठून रोशनीजवळ गेले. "नाही," मी म्हटलं. "तुझ्या आईला माहीत होतं. आजीला तर होतंच. मला नव्हतं. मी चुकीचं सांगितलं, म्हणून तुझं वजन कमी झालं. आणि लिहिताना तुझ्या आईवर ढकललं."

विमलचे हात थांबले. रोशनी माझ्याकडे बघत होती, न घाबरता, एखादं गणित तपासावं तसं. म्हणजे हे चुकीचं लिहिलंय, तिने विचारलं. मी हो म्हटलं. तिने दप्तरातून पेन काढून माझ्या हातात दिलं आणि बजावलं, "गिरगटायचं नाही. एक रेघ मारायची आणि वर बरोबर ते लिहायचं."

मी रेघ मारली. वर लिहिलं, आहार सल्लागाराचे अज्ञान. रोशनीने ते आईसाठी मोठ्याने वाचलं, शब्द तोडून तोडून. विमल पुढे आली, पदराला हात पुसले आणि पहिल्यांदाच त्या पानाकडे वाकली. तिने ती रेघ पाहिली. मग म्हणाली, "आन् वाढलं त्याच्या म्होरं काय लिवलंय?"

रोशनीचं बोट एक ओळ खाली सरकलं. वजन, वाढ, कारण. तिने वाचलं, "सल्लागाराच्या मार्गदर्शनामुळे."

पेन अजून माझ्याच हातात होतं. मी आणखी एक रेघ मारली आणि वर दोन नावं लिहिली. चांगुणाबाई. विमल.